मुलांना घेऊन बोर्नियोच्या जंगलात: सबाहच्या सहलीची आखणी कशी करावी?

दहावी-बारावीची परीक्षा संपली की घरात एकच विषय असतो, यंदा कुठे जायचं? लहान मुलं बाग आणि आइस्क्रीमवर खूश होतात. तेरा ते अठरा वयाच्या मुलांचं तसं नसतं. मॉल, टॉवर, शॉपिंग दोन दिवसांत संपतं आणि मग ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. या वयाला अंगमेहनत लागते, थोडी भीती लागते आणि घरच्यांनी आपल्यावर विश्वास ठेवला, असं वाटायला लागतं. जंगलात ते सगळं मिळतं.

आपल्याकडची अनेक कुटुंबं मलेशियाला जातात, पण बहुतेक जण कुआलालंपूर आणि लंकावी करून परततात. त्याच देशाचा दुसरा भाग, बोर्नियो बेटावरचं सबाह राज्य, हे वन्यजीव पाहण्यासाठी आशियातल्या उत्तम ठिकाणांपैकी एक आहे. तिथल्या आठ-नऊ दिवसांच्या सहलीची आखणी कशी करावी, कुठे काळजी घ्यावी आणि मुलांना कशात सामील करून घ्यावं, याची माहिती या लेखात आहे.

सबाहच का?

बोर्नियो हे जगातलं तिसरं सर्वांत मोठं बेट. मलेशिया, इंडोनेशिया आणि ब्रुनेई या तीन देशांत ते विभागलेलं आहे. ओरांगउटान, लांब नाकाचं प्रोबोसिस माकड, बोर्नियोचा छोटा हत्ती, सन बेअर हे छोटं अस्वल आणि धनेश पक्ष्याच्या आठ जाती या बेटावर आढळतात. प्रोबोसिस माकड तर बोर्नियो सोडून जगात कुठेच नैसर्गिकरीत्या राहत नाही.

आपल्यासाठी सोयीच्या गोष्टीही आहेत. हलाल जेवण सहज मिळतं, विमानतळापासून पेट्रोल पंपापर्यंत नमाजची जागा असते, तिला तिथे ‘सुराव’ म्हणतात. इंग्रजी चालतं. कोकणातल्या वाचकांना आणखी एक गोष्ट जवळची वाटेल: रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांप्रमाणेच मलेशियातले मुसलमानही शाफई मसलकाचे आहेत.

कधी जायचं?

सबाहमध्ये वर्षभर उकाडा आणि पाऊस असतो. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पूर्व भागात जोराचा पाऊस पडतो, नदीला पूर येतो आणि पायवाटा पाण्याखाली जातात. म्हणून नाताळच्या सुट्टीत इथे जाऊ नये. मार्च ते सप्टेंबर हा काळ त्यामानाने बरा. एप्रिल-मेची आपली उन्हाळी सुट्टी यात नेमकी बसते.

तारखा ठरवताना दोन गोष्टी बघा. २०२६ ते २०२८ या तिन्ही वर्षी बकरी ईद मे महिन्यात येते. ईद घरी करायची की तिथे, हे आधी ठरवा, कारण त्या दिवसांत मलेशियातही सुट्टी असते आणि विमानांना गर्दी होते. दुसरं, ३० आणि ३१ मे रोजी सबाहमध्ये कामातान हा सुगीचा सण असतो, तेव्हाही हॉटेलं भरलेली असतात. शक्य असेल तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा किंवा मेची सुरुवात धरा.

कागदपत्रं

- मुलांचे पासपोर्ट आधी तपासा. अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचाच असतो आणि मुदत कधी संपली हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. प्रवासाच्या दिवशी किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी.
- आपल्याकडे अनेकांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो किंवा वडिलांचं नाव आडनावाच्या जागी असतं. तिकिटावर नाव पासपोर्टप्रमाणेच घालायचं, आधार कार्डाप्रमाणे नाही. एकच नाव असेल तर तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला विचारा.
- १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने भारतीय पर्यटकांना ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला आहे. ही सवलत ठरावीक मुदतीची आहे, त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशी ती चालू आहे का, हे मलेशियन सरकारच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.
- पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत प्रत्येकाने, मुलांनीसुद्धा, मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड भरायचं असतं. ते मोफत आहे. पैसे मागणारी बनावट संकेतस्थळं आहेत, त्यांपासून सावध राहा.
- सबाहची इमिग्रेशन व्यवस्था वेगळी आहे. कुआलालंपूरहून सबाहला जाणारं विमान देशांतर्गत असलं तरी तिथे पुन्हा पासपोर्ट दाखवावा लागतो. पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकून सामानात देऊ नका.
- आई किंवा वडील यांपैकी एकच जण मुलांसोबत जात असेल, तर दुसऱ्याचं संमतिपत्र सोबत ठेवा.

नऊ दिवसांचा आराखडा

मुंबईहून कुआलालंपूर साधारण पाच तास, तिथून संदाकान पावणेतीन तास. घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे असतं.

- दिवस १: मुंबई ते कुआलालंपूर ते संदाकान. मुक्काम सेपिलोकमध्ये.
- दिवस २: सेपिलोकचं ओरांगउटान केंद्र, सन बेअर केंद्र, रात्री जंगलातली फेरी.
- दिवस ३, ४, ५: रस्त्याने दोन-अडीच तासांवर किनाबातांगान नदी. तीन रात्री नदीकाठी.
- दिवस ६: संदाकानला परत, विमानाने कोटा किनाबालू.
- दिवस ७: किनाबालू राष्ट्रीय उद्यान.
- दिवस ८: समुद्र किंवा राफ्टिंग, दोन्हीपैकी एकच.
- दिवस ९: परतीचा प्रवास.

टूर ऑपरेटर बहुधा नदीवर एकच रात्र देतो आणि उरलेल्या दिवसांत आणखी तीन ठिकाणं घुसवतो. याला नाही म्हणा. प्राणी वेळापत्रकाने येत नाहीत. एका रात्रीच्या मुक्कामात दोन बोटफेऱ्या होतात, तीन रात्रींत पाच-सहा. हत्ती दिसण्याची शक्यता त्यावरच अवलंबून असते. शिवाय मोबाइलची सवय सुटून मुलांचं लक्ष झाडांकडे लागायला एखादा दिवस जातोच.

सेपिलोक: बघायचं, हात लावायचा नाही

सेपिलोकचं ओरांगउटान पुनर्वसन केंद्र १९६४ साली सुरू झालं. आई गमावलेली किंवा बेकायदा पाळलेली पिल्लं इथे आणून त्यांना झाडावर चढायला, घरटं बांधायला शिकवतात आणि मग शेजारच्या राखीव जंगलात सोडतात. रोज सकाळी दहा आणि दुपारी तीन वाजता फळं ठेवली जातात, तेव्हा ती दिसू शकतात. जंगलात फळांचा हंगाम असेल तर एकही येत नाही. केंद्राच्या दृष्टीने ते यशच असतं. हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

आत जाताना बॅग, खाऊ आणि डास पळवणारं औषध लॉकरमध्ये ठेवावं लागतं. ओरांगउटानला माणसाची सर्दी-पडशासारखी दुखणी सहज लागतात, म्हणून घरात कुणाला ताप-खोकला असेल त्याने बाहेरच थांबावं. शेजारीच सन बेअर केंद्र आहे. हे जगातलं सर्वांत लहान अस्वल.

प्राण्याला कडेवर घेऊन, गळ्यात साप घालून फोटो काढून देणारी ठिकाणं पर्यटनाच्या नावाखाली अनेक देशांत चालतात. तिथे तिकीट काढू नका. पिल्लू माणसाळवण्यासाठी त्याला आईपासून तोडलेलं असतं आणि तो धंदा आपल्याच पैशावर चालतो.

किनाबातांगान: सहलीचा गाभा

५६० किलोमीटर लांबीची ही सबाहची सर्वांत मोठी नदी. सुकाउ आणि आसपासच्या गावांत साध्या होमस्टेपासून चांगल्या लॉजपर्यंत सोय आहे. दिवसाची रचना ठरलेली असते: पहाटे सहाला बोट, नंतर नाश्ता, दुपारी आराम किंवा जंगलातली पायवाट, चारला पुन्हा बोट, जेवणानंतर रात्रीची फेरी. बोट छोटी असते, इंजिन बंद करून काठाने सरकते. प्रोबोसिस माकडांचे कळप संध्याकाळी नदीकाठच्या झाडांवर झोपायला येतात, त्यामुळे ते जवळपास रोज दिसतात. धनेशही दिसतात. ओरांगउटान आणि हत्ती नशिबावर.

इथले मूळ रहिवासी ओरांग सुंगाई, म्हणजे ‘नदीची माणसं’. त्यातले बहुतेक मुसलमान आहेत. बातू पुतेह गावात गावकऱ्यांनी मिळून चालवलेला होमस्टे आहे. अशा घरात एक रात्र काढली तर मुलांना तिथलं रोजचं जगणं जवळून दिसतं. सगळं जेवण हलाल, आणि घरच्यांसोबत जमातीने नमाजही होते.

एवढे प्राणी इथे का दिसतात, याचं कारणही मुलांना सांगा. नदीच्या दोन्ही बाजूंचं मूळ जंगल तोडून तिथे पाम तेलाच्या बागा झाल्या. उरलेल्या हिरव्या पट्ट्यात प्राणी कोंडले गेले, म्हणून ते नदीकाठी सहज दिसतात. २०१६ पासून बोर्नियोच्या ओरांगउटानची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी आहे. आणि जगात सर्वांत जास्त पाम तेल आयात करणाऱ्या देशांत भारत आघाडीवर आहे. आपल्या बिस्किटात, साबणात, फरसाणात ते असतं. रस्त्याने जाताना तासभर दोन्ही बाजूंना फक्त पामची झाडं दिसतात. त्या वेळी गाडीत हा विषय काढा.

किनाबालू आणि समुद्र

किनाबालू पर्वत ४,०९५ मीटर उंच आहे. शिखरावर जायला दोन दिवस, परवाना, गाइड आणि काही महिने आधीचं बुकिंग लागतं. घरातल्या सगळ्यांना डोंगर चढायची सवय नसेल तर तो नाद सोडा. उद्यानाच्या मुख्यालयाची उंची सुमारे दीड हजार मीटर आहे, हवा थंड असते, तिथल्या पायवाटा पुरेशा आहेत. नशीब असेल तर वाटेत कुठेतरी राफ्लेशिया हे प्रचंड मोठं फूल उमललेलं दिसतं. गावकरी पाटी लावून थोडे पैसे घेतात.

राफ्टिंगसाठी किउलू नदी सोपी आणि कुटुंबांना योग्य आहे. पादास नदी बरीच अवघड आहे. समुद्रासाठी कोटा किनाबालूसमोरच्या तुंकू अब्दुल रहमान सागरी उद्यानाची बेटं बोटीने अर्ध्या तासाच्या आत येतात.

सबाहच्या पूर्व किनाऱ्यावरची सिपादान, सेम्पोर्ना इथली बेटं फार सुंदर आहेत, पण त्या भागातून पर्यटकांचं अपहरण झाल्याच्या घटना घडल्या आहेत. एप्रिल २००० मध्ये सिपादानमधून २१ जणांना ओलीस नेलं होतं. आज तिथे बंदोबस्त मोठा आहे, तरीही ब्रिटनसारखे काही देश आपल्या नागरिकांना पूर्वेकडच्या बेटांवर गरजेशिवाय न जाण्याचा सल्ला देत आले आहेत. म्हणून या आराखड्यात समुद्राचा दिवस पश्चिम किनाऱ्यावर ठेवला आहे. मुलांनी इन्स्टावर फोटो पाहून हट्ट धरला तरी सोबत मुलं असताना हा धोका पत्करू नये.

नमाज, जेवण आणि कपडे

संदाकान मलेशियाच्या पूर्व टोकाला असल्याने सूर्य कुआलालंपूरपेक्षा तासभर आधी उगवतो आणि मावळतो. मे महिन्यात तिथे फज्र साधारण पावणेपाचला, सूर्योदय सहाच्या आसपास, मगरिब सव्वासहाच्या सुमारास आणि इशा साडेसातच्या आसपास असते. म्हणजे फज्र पढून सहाच्या बोटीला आरामात जाता येतं. शाफई वेळेनुसार अस्र साडेतीनच्या सुमारास सुरू होते, ती चारच्या बोटीआधी होऊन जाते. हनफी वेळ त्यानंतर तासाभराने, साडेचारच्या आसपास लागते. तेव्हा बोट पावणेसहापर्यंत काठाला लावाल का, हे लॉजवाल्याला पहिल्याच दिवशी विचारा. बहुतेक बोटवाले स्वतः मुसलमान असतात, ते समजून घेतात.

प्रवासातल्या कसर नमाजचे नियम मसलकानुसार वेगळे आहेत. हनफी मसलकात एका ठिकाणी पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर कसर होते, पण दोन नमाज एकत्र करत नाहीत. शाफई मसलकात एकत्र करण्याची सवलत आहे, मात्र मुक्कामाच्या दिवसांची मर्यादा कमी आहे. आराखडा इमाम साहेबांना दाखवून निघण्याआधीच विचारून घ्या.

जेवणाबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. देश मुस्लिमबहुल असला तरी सबाहमध्ये ख्रिस्ती आणि चिनी लोकवस्ती मोठी आहे आणि डुकराचं मांस विकणारी हॉटेलंही आहेत. मलय भाषेत त्याला ‘बाबी’ म्हणतात, हा शब्द मुलांना पाठ करून द्या. सरकारी हलाल चिन्ह पाहा. जंगलातल्या लॉजला बुकिंग करतानाच स्वयंपाकघर पूर्ण हलाल आहे का, हे विचारा.

कपड्यांचा प्रश्नच येत नाही. जंगलात सगळ्यांनीच पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट आणि पायघोळ पँट घालायची असते. मुलींना समुद्रात बुर्किनी घालताना तिथे कुणी वळून बघत नाही. नदीवरचा स्कार्फ मात्र छोटा आणि पिन लावलेला हवा. लांब ओढणी बोटीत आणि दोरीच्या पुलावर अडकते. खोल्या घेताना मुलगे आणि मुली वेगळे राहतील अशी सोय आधीच सांगा, काही स्वस्त लॉजमध्ये सामायिक खोल्याच असतात.

तब्येत

निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. धनुर्वात, टायफॉइड, कावीळ या लसींबद्दल विचारा. सबाहच्या जंगलात माकडांपासून डासांमार्फत माणसाला होणारा मलेरिया आढळतो. त्यासाठी गोळ्या घ्यायच्या का, हे डॉक्टरच ठरवतील. डेंग्यूही आहे. परत आल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर तपासताना ‘बोर्नियोच्या जंगलात गेलो होतो’ हे आवर्जून सांगा.

जळवा कोकण-सह्याद्रीतल्या लोकांना नव्या नाहीत. त्या घाण वाटतात, पण त्यांच्यापासून सहसा आजार होत नाही. पायमोजांवरून घालायचे घट्ट विणीचे लांब मोजे तिथे मिळतात. माकडाने ओरखडलं किंवा चावलं तर मात्र जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

मुलींच्या पाळीच्या तारखेचा विचार आईने आधीच करावा. पुरेसे पॅड घरूनच न्या, नदीकाठी दुकान नसतं. वापरलेलं सगळं पिशवीत घालून शहरात परत आणायचं.

प्रवास विमा घेताना राफ्टिंग आणि स्नॉर्कलिंग त्यात धरलेलं आहे का, हे वाचा. अनेक स्वस्त विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात.

पाण्याचे नियम

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलं होती. पाणी काही मिनिटांत वाढलं. आपल्या सहलींमध्ये वन्य प्राण्यांपेक्षा पाण्याने जास्त घरं उद्ध्वस्त केली आहेत. म्हणून सबाहला निघण्याआधी हे नियम घरात बसून ठरवा आणि त्यावर तिथे वाद नको:

- बोटीत पाऊल टाकण्याआधी लाइफ जॅकेट अंगावर. मापाचं नसेल तर बदलून मागा, नसेल तर फेरी सोडा.
- किनाबातांगानमध्ये खाऱ्या पाण्यातल्या जातीच्या मोठ्या मगरी आहेत. पोहणं नाही, बोटीबाहेर हात नाही, काठावर बसून वुजू नाही. वुजू लॉजच्या नळावर करायचा.
- वर डोंगरात पाऊस दिसला की नदी-धबधब्यातून बाहेर.
- समुद्रात एकट्याने जायचं नाही, दोघांची जोडी ठरवायची.
- गाइडचा शब्द अब्बूंच्या शब्दापेक्षा वर. तो ‘परत फिरा’ म्हणाला की परत फिरायचं.

पोहायला न येणाऱ्या मुलांना सुट्टीच्या तीन महिने आधी पोहण्याच्या वर्गाला घाला. ही सगळ्यात चांगली तयारी आहे.

मुलांना कामं वाटून द्या

आई-वडिलांनी सगळं ठरवायचं आणि मुलांनी मागे मागे चालायचं, असं केलं की कटकट सुरू होते. प्रत्येकाला एक खरं काम द्या. एकाने रोजच्या रिंगिटचा हिशोब ठेवायचा. एकाने नमाजच्या वेळा आणि किब्ला. एकीने औषधांची पेटी. एकाने पाहिलेल्या प्राणी-पक्ष्यांची वही. आठव्या दिवशी समुद्र की राफ्टिंग, हा निर्णय मुलांवर सोडा. एखादी चूक झाली, पैसे थोडे जास्त गेले, तरी चालेल. ही सवय पुढे हॉस्टेलला राहताना कामाला येते.

निघण्याआधी एक सराव करा. कर्नाळा अभयारण्य, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान किंवा मुरूडजवळचं फणसाड, जे जवळ असेल तिथे पहाटे जाऊन चार तास मोबाइलशिवाय, कमी बोलत चाला. कुणाचे बूट चावतात, कुणाला दम लागतो, कोण लवकर चिडतं, हे तिथेच कळतं.

खर्चाचा विचार

विमानभाडं हा सर्वांत मोठा खर्च, ते तीन-चार महिने आधी काढा. नदीकाठच्या पॅकेजमध्ये साधारणपणे जेवण, बोट, गाइड आणि संदाकानहून ने-आण धरलेली असते. दोन दरांची तुलना करताना एकूण रकमेपेक्षा किती बोटफेऱ्या आणि एका बोटीत किती माणसं, हे विचारा. उद्यानांत परदेशी पर्यटकांना जास्त शुल्क असतं, १८ वर्षांखालच्यांना कमी, म्हणून वयाचा पुरावा जवळ ठेवा. नदीकाठी रोख रिंगिट लागतात. चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा प्लग न्या.

हप्त्यावर सहल देणाऱ्या जाहिराती हल्ली खूप दिसतात. बहुतेक हप्त्यांत व्याज असतंच, उघड किंवा लपलेलं. त्यापेक्षा एक वर्ष थांबा, मुलांसमोर दर महिन्याला पैसे बाजूला टाका. त्या बचतीत मुलांनी आपल्या ईदीतले शंभर रुपये टाकले तरी सहल त्यांना स्वतःची वाटते.

जमिनीवर फिरा आणि निर्मिती पाहा, ही सूचना कुरआनमध्ये वारंवार येते. मुलं घर सोडून शिकायला, नोकरीला जाण्याआधी अशी एखाद-दुसरीच सुट्टी हाताशी असते. ती घाईत दहा ठिकाणं उरकण्यात घालवण्यापेक्षा एका नदीकाठी तीन रात्री काढा. इन्शाअल्लाह, मुलं सुखरूप परततील आणि घरी आल्यावर बिस्किटाच्या पुड्यावरचे घटक वाचायला लागतील.